मे महिन्यात वाहणारं गटार: सोसायटीच्या पावसाळी पाण्याची निगा कशी राखावी

नाशिकमध्ये पूर मोजायची आमची जुनी रीत म्हणजे गोदावरीच्या पात्रातल्या उंच ‘दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं?’ हा प्रश्न. पायाशी, कमरेला, गळ्याला, की डोक्यावरून गेलं? १९ सप्टेंबर २००८, २ ऑगस्ट २०१६, ४ ऑगस्ट २०१९ हे दिवस इथल्या जुन्या माणसांना तारखेसकट आठवतात. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं यावर घरोघरी चर्चा होते. पण आपल्या पार्किंगमध्ये जे पाणी शिरतं ते बहुतेक वेळा धरणाचं नसतंच. ते आपल्या गच्चीवरचं असतं, समोरच्या काँक्रीटच्या रस्त्यावरचं असतं, शेजारच्या खोदकामातलं असतं. आणि उतरताना ते जे काही सोबत घेतं ते थेट गोदेत जातं.

हा लेख सोसायटीच्या समितीत पहिल्यांदाच आलेल्यांसाठी आणि नवं घर घेतलेल्यांसाठी आहे. मी सचिव झाले तेव्हा मला चेंबर (गटार तपासायचा, साफ करायचा खड्डा) आणि ढापा (त्यावरचं झाकण) यातला फरकही कळत नव्हता. जे शिकले ते प्लंबरकाकांकडून, गाळ काढणाऱ्या माणसांकडून आणि दोनदा बुडालेल्या पार्किंगमुळे. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: पावसाळी गटार मे महिन्यात कोरडं ठणठणीत असलं पाहिजे. ते मेमध्ये वाहत असेल, तर कुणाचं तरी सांडपाणी नदीत चाललंय.

पहिली पायरी: दोन गटारं वेगळी ओळखा

आपल्या आवारातून पाणी दोन वाटांनी बाहेर जातं. संडास, मोऱ्या, स्वयंपाकघर यांचं पाणी भुयारी गटारातून मलशुद्धीकरण केंद्राकडे जातं. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक अशी केंद्रं शहरात आहेत. गच्ची, पार्किंग आणि अंगण यांचं पाणी पावसाळी गटारातून जवळच्या नाल्यात आणि तिथून नदीत जातं. या दुसऱ्या वाटेवर कुठलंही शुद्धीकरण नसतं. जाळीतून आत गेलेली गुटख्याची पुडी जशीच्या तशी नदीत पोचते. खूप जणांना वाटतं की गटारात गेलं म्हणजे पुढे कुठेतरी साफ होत असेल. पावसाळी गटाराच्या बाबतीत तसं होत नाही.

सर्वसाधारणपणे पावसाळी चेंबरवर लोखंडी किंवा काँक्रीटची जाळी असते आणि भुयारी चेंबरवर बंद झाकण असतं. पण झाकण बदललेलं असू शकतं, म्हणून नुसत्या झाकणावर जाऊ नका. मे महिन्यातल्या एखाद्या सकाळी सात ते नऊच्या दरम्यान, जेव्हा घरोघरी आंघोळी आणि कपडे चालू असतात, तेव्हा पहारीने पावसाळी चेंबरचं झाकण उचलून बघा.

आमच्याकडे पहिल्यांदा उघडलं तेव्हा आत बोटभर जाडीची करडी धार वाहत होती आणि तिच्यावर साबणाचा फेस होता. वास मैल्याचा नव्हता, कपड्यांच्या पावडरीचा होता. प्लंबरकाकांनी एक मिनिट बघितलं आणि विचारलं, “ताई, ड्राय बाल्कनीचं पाणी कुठं सोडलंय?” सोळा फ्लॅटच्या ड्राय बाल्कन्यांमधल्या वॉशिंग मशीनचं पाणी गच्चीवरून येणाऱ्या पाइपला जोडलेलं होतं. इमारत बांधतानाच ते तसं झालं होतं. बारा वर्षं आमच्या सोळा घरांचे कपडे नासर्डी नदीत धुतले जात होते आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. त्याच काळात नासर्डी किती घाण झालीय म्हणून आम्ही हळहळतही होतो.

शोधायची पद्धत सोपी आहे. एका फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीच्या जाळीत बादलीभर पाण्यात खाण्याचा रंग कालवून ओता आणि खाली एका माणसाला चेंबरजवळ उभं करा. रंग कुठल्या चेंबरमध्ये आला ते वहीत लिहा. मग पुढचा फ्लॅट, आणि रंगही दुसरा. दुपारभरात सगळी इमारत होते. चुकीची जोडणी सापडली की पाइप वेगळा टाकून भुयारी चेंबरला जोडावा लागतो. हा खर्च सभेत मांडताना लोक कुरकुरतात. आम्ही चेंबरचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ सभेत लावला आणि ठराव त्याच दिवशी झाला.

उलटी चूकही तितकीच सापडते: गच्चीचं पाणी भुयारी चेंबरला जोडलेलं. इथे एक साधा हिशेब लक्षात ठेवा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ३०० चौरस मीटरच्या गच्चीवर ४० मिलिमीटरची एक सर झाली की १२,००० लिटर पाणी उतरतं, म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरपेक्षाही जास्त. मैल्यासाठी टाकलेल्या पाइपात हे पाणी घुसलं की पुढची वाहिनी तुंबते आणि मैला सर्वांत खालच्या जागेतून, म्हणजे तळमजल्यावरच्या संडासातून उलटा वर येतो. आमच्या तळमजल्यावरच्या आजींनी दोन पावसाळे हे सोसलं. सगळे त्यांनाच विचारायचे, “संडासात काही टाकलंत का?” दोष होता तो वर गच्चीला जोडलेल्या पाइपाचा.

दुसरी पायरी: आपलं पाणी कुठे जातं ते चालून बघा

हे काम नकाशापेक्षा पायांनी चांगलं होतं. गेटपासून उताराच्या दिशेने चालत निघा. नाशिक सगळं चढ-उताराचं आहे, त्यामुळे नाला फार लांब नसतो. सातपूर, अंबडच्या बाजूचं पाणी नासर्डीला मिळतं, जिला आता नंदिनीही म्हणतात. पंचवटीतलं पाणी वाघाडीला, नाशिकरोडच्या बाजूचं वालदेवीला. जुन्या नाशकात सरस्वती नाला आज दिसतच नाही, तो जमिनीखाली गेला. पण जोराचा पाऊस झाला की सराफ बाजारात पाणी भरतं आणि नाल्याची जुनी वाट दुकानदारांना पुन्हा आठवते. पाणी आपली वाट विसरत नाही असं जुनी माणसं म्हणतात ते यासाठीच.

नवं घर घेणाऱ्यांनी तर बुकिंगच्या आधीच ही फेरी मारावी. सोबत त्या गावाचा गाव नकाशा ठेवा, तो भूमी अभिलेख खात्याच्या संकेतस्थळावर बघता येतो. त्यात ओढे-नाले दाखवलेले असतात. नकाशात नाला आहे आणि जागेवर मात्र भराव आणि कंपाउंडची भिंत आहे, असं दिसलं तर थांबा. विचारा, नाला कुठे वळवला, किती व्यासाच्या पाइपात घातला, मंजुरी कुठे आहे. पूररेषाही बघून घ्या. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २५ वर्षांतून एकदा म्हणजे या वर्षी आला की पुढची २४ वर्षं निश्चिंती, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी तेवढी शक्यता असते, आणि गोदेला २०१६ नंतर तीनच वर्षांत पुन्हा मोठा पूर आला.

तिसरी पायरी: गाळ काढणं

वर्षातून तीनदा. पहिली सफाई मेच्या मध्यावर. दुसरी, पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, कारण वर्षभराची धूळ, पानं आणि प्लास्टिक तेव्हाच वाहून येतं. तिसरी गणपतीनंतर, परतीच्या पावसाआधी. बहुतेक सोसायट्या पहिली करतात आणि थांबतात. आमचं पार्किंग दुसऱ्यांदा बुडालं ते सप्टेंबरमध्ये, मेमध्ये सफाई करूनही.

आता सर्वांत महत्त्वाचं. चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही. भुयारी चेंबर, सेप्टिक टाकी तर नाहीच, पण खोल पावसाळी चेंबरही नाही. मैला मिसळला असेल तर आत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो, पण जास्त झाला की नाक बधिर होऊन वास कळेनासा होतो आणि माणूस जागच्या जागी कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कंत्राटदार “दोन मिनिटांचं काम आहे, पोरगा उतरेल” म्हणाला तर काम तिथेच थांबवा. खोल चेंबरसाठी गाळ ओढून घेणारी सक्शन गाडी आणि पाण्याच्या जोराने पाइप मोकळा करणारं जेटिंग मशीन मागवा.

गुडघाभर खोलीच्या, जाळीच्या चेंबरचं काम वरून होतं. लांब दांड्याचं फावडं, पहार, घमेलं, आणि पाइप मोकळा करायला बांबूची चीप. रबरी हातमोजे आणि गमबूट हवेतच. उंदरांच्या मुतामुळे होणारा लेप्टोस्पायरोसिस पायाच्या साध्या भेगेतूनही शिरतो.

आत काय निघतं ते एकदा स्वतः उभं राहून बघा. आमच्या एका चेंबरमधून सर्वांत वर शेंगदाण्याच्या पुड्या आणि दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे निघाले. त्याखाली पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांतली वाळू. त्याखाली काळा, तेलकट, चिकट गाळ. आणि तळाशी फावडं खणकन वाजलं. कुणीतरी फरशी बसवताना सिमेंटची राड चेंबरमध्ये ओतली होती, ती दगड होऊन बसली होती. सहा इंची पाइपाचं तोंड त्यामुळे तीन इंचाचं झालं होतं. छिन्नी-हातोडीने ते फोडायला अख्खा दिवस गेला. तेव्हापासून फ्लॅटचं नूतनीकरण करणाऱ्याकडून आम्ही लेखी घेतो की थापी-घमेली धुतलेलं पाणी गटारात जाणार नाही.

काढलेला गाळ चेंबरच्या काठाला ढीग करून ठेवू नका. हे सगळीकडे दिसतं. आठ दिवसांनी पाऊस येतो आणि ढीग पुन्हा आत जातो. आधी प्लास्टिक वेगळं करा, गाळ गोण्यांत भरा आणि त्याच दिवशी उचलायची सोय करा. तेलकट गाळ झाडांच्या आळ्यात घालू नका.

शेवटी प्रत्येक चेंबरमध्ये बादलीभर पाणी ओतून पुढच्या चेंबरमध्ये किती वेळात येतं ते बघा. आलंच नाही तर मधला पाइप बसलाय किंवा तुंबलाय. रस्त्यावरच्या चेंबरचीही पाहणी करा. डांबराचा नवा थर टाकताना जाळ्या खाली गाडल्या जातात आणि रस्ता गेटपेक्षा उंच होतो. मग तुमचं गटार कितीही साफ असलं तरी रस्त्याचं पाणी आत येणार. तशी जाळी दिसली की तिच्या जागेवर ऑइल पेंटने खूण करा आणि फोटो काढा.

चौथी पायरी: जाळीत काय जाऊ द्यायचं नाही

पहिल्या पावसाचं पाणी सर्वांत घाण असतं. आठ महिन्यांची टायरची भुकटी, गाड्यांचं ऑइल, कुत्र्यांची विष्ठा, सगळं एका तासात उतरतं. म्हणून मे संपताना पार्किंग कोरडं झाडून घ्या, पाइप लावून धुऊ नका. धुतलं की तीच घाण नदीत आपणच आधी पाठवतो. ऑइल गळलंय तिथे लाकडाचा भुसा टाका आणि मग तो उचला. रंगाचे ब्रश धुतलेलं पाणी, फिनेलचं पाणी, टाकी धुताना निघालेलं ब्लीचिंगचं पाणी भुयारी चेंबरला.

साबण आणि मैला यांतून नायट्रोजन आणि फॉस्फरस जातो आणि त्यावर पाणवेली पोसतात. नाशकातून वाहत गेलेल्या पाणवेली गोदेवरच्या सायखेड्याच्या पुलाला अडकतात, पुढे नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयात पसरतात. ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२० मध्ये जाहीर झालेलं. दर हिवाळ्यात दूरदूरचे पक्षी तिथे उतरतात. त्याच्याही पुढे हे पाणी जायकवाडी धरणात जातं, छत्रपती संभाजीनगरच्या नळाला येतं. आपलं सांडपाणी कुणीतरी पितं हे मला पूर्वी माहीत असूनही जाणवत नव्हतं. सायखेड्याच्या पुलावर उभं राहिल्यावर ते जाणवलं.

पाचवी पायरी: जमेल तितकं मुरवा

एक एकर शेतावर ४० मिलिमीटर पाऊस पडला तर त्यातला मोठा भाग माती पिते. त्याच एकरावर इमारती, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक आले की साधारण १,६०,००० लिटरपैकी जवळपास सगळं तासाभरात नाल्याकडे धावतं. नाला मात्र तेवढाच राहतो, उलट भरावाने अरुंद होतो. गंगापूर रोडला, मखमलाबादला, पाथर्डीला द्राक्षबागांच्या जागी वसाहती आल्या. घरं तर लागणारच, मीही तशाच एका घरात राहते. पण पाणी मुरवायचं मातीचं काम आता आपल्याला करावं लागेल.

राज्याच्या २०२० च्या एकीकृत बांधकाम नियमावलीप्रमाणे ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे. ते कागदावर असतंच. जागेवर जाऊन झाकण उघडा. कित्येकदा शोषखड्डा मातीने भरलेला असतो किंवा पाइप नुसता जमिनीत खुपसलेला असतो.

नवा खड्डा करताना आधी माती बघा. काळ्या चिकणमातीत पाणी मुरत नाही, उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पावसात फुगून बंद होते. तिच्याखालच्या मुरमापर्यंत खणावं लागतं. भरताना खाली मोठे दगड, वर खडी, सर्वांत वर वाळू. वाळूचा वरचा थर दरवर्षी खरवडून बदलायचा. खड्डा इमारतीच्या पायापासून आणि सेप्टिक टाकीपासून लांब ठेवा. पाणी फक्त गच्चीचं घ्या, तेही पहिले एक-दोन पाऊस बाहेर सोडून. पार्किंगचं तेलकट पाणी बोअरवेलमध्ये कधीही सोडू नका. बिघडलेला भूजल साठा पुन्हा नीट होता होत नाही.

सहावी पायरी: शेजारच्या बांधकामाशी बोला

नाले तुंबण्याचं एक मोठं कारण म्हणजे उघडं खोदकाम. बेसमेंटचा खड्डा खणला, मातीचा डोंगर रस्त्याला लावला, आणि पहिल्याच सरीत तांबडी राड गल्लीभर. शिवाय खड्ड्यात झिरपलेलं पाणी पंपाने उपसून सरळ जाळीत सोडतात. काँक्रीट मिक्सर धुतलेलं पाणी तर मारकच. सिमेंटच्या पाण्याचा सामू (पीएच) १२ च्या आसपास असतो. नदीत स्नानासाठी योग्य पाण्याचा तो ६.५ ते ८.५ असावा लागतो. नाल्याच्या लहान धारेत असं पाणी आलं की मासे मरतात.

भांडणाने सुरुवात करू नका. साइट इंजिनीअरला भेटून चार गोष्टी मागा: मातीच्या ढिगावर ताडपत्री आणि पायथ्याला वाळूच्या गोण्या, उपसलेलं पाणी आधी गाळ बसायच्या टाकीत, मिक्सर धुवायला प्लास्टिक अंथरलेला वेगळा खड्डा, आणि गेटवर ट्रकची चाकं धुवायची जागा. यातलं काहीच फार खर्चाचं नाही. आमच्या शेजारच्या साइटने दोन गोष्टी लगेच केल्या, तिसरीसाठी तीन वेळा जावं लागलं, चौथी झाली नाही.

बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठं असेल, तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे त्याला आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. मंजुरीच्या पत्रात पावसाळी पाण्याच्या, सांडपाण्याच्या, राडारोड्याच्या अटी एकेक करून लिहिलेल्या असतात आणि त्या पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. हे पत्र केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर शोधता येतं. पत्राची प्रत हातात घेऊन बोलायला गेलं की बोलणं बदलतं, हा माझा अनुभव आहे.

सातवी पायरी: तक्रार

रस्त्यावरच्या गटारासाठी आणि नाल्यासाठी महापालिका. सहा विभागीय कार्यालयांपैकी आपलं कुठलं ते पाहून ठेवा. पावसाळी गटार आणि मलनिस्सारण बघणारी माणसं वेगळी असतात, म्हणून तक्रारीत नेमकं काय ते लिहा. “गटार तुंबलं” एवढं पुरत नाही. “अमुक घरासमोरची पावसाळी जाळी डांबराखाली गेली आहे, सोबत फोटो” असं लिहिलेली तक्रार पटकन फिरते. रंगीत पाणी, रसायनाचा वास किंवा मेलेले मासे दिसले तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा, वेळ आणि जागेसकट, कारण धार दोन तासांत निघून जाते. उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार आहेच: १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. विचारताना मत विचारू नका, कागद मागा. आमच्या वॉर्डातल्या नालेसफाईचा कार्यादेश, गाळाच्या वजनाच्या पावत्या, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो.

आठवी पायरी: पाऊस चालू असताना

हे काम कुणी सांगत नाही. जोराचा पाऊस सुरू झाला की रेनकोट घालून पंधरा मिनिटं आवारात फिरा. कुठल्या जाळीपाशी भोवरा होतोय, कुठे पाणी उलटं वर येतंय, रस्त्यावरून आत कुठल्या कोपऱ्यातून शिरतंय, हे फक्त तेव्हाच दिसतं. मे महिन्यात कितीही डोकं लढवलं तरी दिसत नाही. विजेच्या मीटरच्या खोलीजवळ पाणी दिसलं तर तिकडे जाऊ नका, आधी पुरवठा बंद करायला सांगा. वाहत्या पाण्याखाली झाकण उघडं असू शकतं, म्हणून पुढे काठी टेकवत चाला.

पाणी ओसरण्याआधी ते जिथवर चढलं तिथे भिंतीवर रेघ मारा आणि तारीख लिहा. आमच्या पार्किंगच्या चौथ्या खांबावर लाल ऑइल पेंटच्या तीन रेघा आहेत. पहिली माझ्या गुडघ्याच्या वर आहे, दुसरी पोटरीला. तिसरी घोट्याला आहे, ड्राय बाल्कन्यांचे पाइप बदलले आणि तळाचं सिमेंट फोडलं त्या वर्षीची. दर मेमध्ये प्लंबरकाका आले की आधी त्या खांबापाशी उकिडवे बसतात, रेघा बघतात आणि मग पहार उचलतात.